पाठीवरचा क्रूस

लेनल, १२ ऑगस्ट १४०२

ॲलिसन,

तीन वर्षांनी आईचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. माझा राग गेलेला नाही. तू नदी ओलांडून त्या कॉर्नहिलच्या धनुष्यवाल्याच्या घरात जाऊन बसलीस, त्या दिवशी होता तेवढाच आहे, उलट मुरलाय. काम पडलं म्हणून लिहितेय. तेही मठातल्या बायांकडून लिहायला चामड्याचा कपटा मागून. फुकट देत नाहीत त्या, बदल्यात वेदीवरची दोन वस्त्रं भरून द्यायची आहेत.

निनियनला बोलावणं आलंय. रविवारी चर्चच्या दारात सरदाराचा माणूस उभा राहून एकेक नाव वाचत होता. इंग्लंडात पार न्यूकॅसलपर्यंत घुसायचं, गुरं हाकून आणायची, म्हणे. तुझ्या भावाचं नाव आलं तेव्हा बीट्रिक्स माझ्या शेजारीच उभी होती. मोठ्याने म्हणाली, "चला, या घरातून एक तरी आपल्या बाजूने निघाला!" सगळं चर्च फिदीफिदी हसलं. मी काय बोलणार? मुलगी इंग्रजाच्या घरात, आणि नवऱ्याचं तर तुला माहीतच आहे. चौदा वर्षांपूर्वी ऑटरबर्नच्या लढाईत आपण जिंकलो आणि जिंकलेल्या फौजेतून तुझा बाप डगल्यावर शिवलेला फौजेचा क्रूस फाडून, झाडाझुडपांतून लपत घरी आला! तासभर दम धरला असता तर ताठ मानेने आला असता. बीट्रिक्सचा नवरा तिथे क्रुसासकट पडला, म्हणून तिला आजन्म बोलायचा हक्क मिळाला. तुझा बाप पुढे अकरा वर्षं जगला आणि अकरा वर्षं मी ऐकत राहिले.

असो. काम सांगते. तुझा नवरा त्यांच्याकडून निघेलच. त्याला सांग, निनियन गर्दीत उठून दिसतो, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच आणि चालताना डावा खांदा पाडतो. दिसला तर बाण दुसरीकडे सोड म्हणावं. आणि तुझ्या लग्नात निनियनने त्याचं नाक फोडलं होतं ते विसरायला सांग. पोरगं अठरा-एकोणीसचं होतं तेव्हा, आणि माझ्या चिथावणीवरून गेलं होतं. हे पहिल्यांदाच कबूल करतेय, परत विचारू नकोस.

निनियनला मी बजावून ठेवलंय की उलटंसुलटं काही झालं तर कॉर्नहिलचा उतार गाठायचा. तिथे पाणी कमरेएवढंच असतं आणि बहिणीचं घर हाकेवर.

सिम कोळी हे पत्र आणेल. त्याची होडी दोन्ही काठांना लागते. सामन मासा खाताना कुणी त्याचं गाव विचारत नाही. उत्तर त्याच्याच हाती दे. नाही दिलंस तरी चालेल, पण नवऱ्याला सांग.

तुझी आई


लेनल, ७ सप्टेंबर १४०२

ॲलिसन,

दोन वर्षांची मुलगी आहे तुला, आणि हे मला आज कळतंय! एलेन. नाव बरं आहे. केस तांबडे म्हणतेस, ते माझ्याकडून गेले. दात आले का सगळे? पत्रात लिहायचं तर नीट लिही की. दोन ओळी पोरीवर आणि पानभर तुझ्या नवऱ्याचं कौतुक! तो निनियनवर बाण सोडणार नाही असं त्याने शपथेवर सांगितलं, ठीक आहे. दिसला तर हात धरून घरी आणीन म्हणाला, हेही ठीक आहे. शब्द पाळला की बघू.

तू विचारतेस, निनियनच्या डगल्यावरचे क्रूस कच्च्या टाक्याने लावलेस ना? कुणाला शिकवतेस गं? तो टाका तुला कुणी शिकवला? नदीच्या या काठाची काय आणि त्या काठाची काय, कुठल्या बाईला हे सांगावं लागतं? फौजेत सरदारांचा हुकूम असतो, पुढे एक, पाठीवर एक, क्रूस नसेल त्याला शत्रू समजून मारा. आपला पांढरा फुलीचा, तुमचा तांबडा उभा. त्यांना वाटतं बायका क्रूस शिवतात. आपण टाचतो. चार लांब टाके, गाठ न मारता. वेळ आली की पुढचा आपला आपण ओढायचा, पाठीवरचा शेजाऱ्याने. मग माणूस कुणाचाच नाही, नदीकाठचा एक गडी. तुझ्या नवऱ्याचा तांबडा क्रूसही तू तसाच लावला असशील, मला माहीत आहे.

निनियन निघायच्या दिवशी मी डगला बाहेर उन्हात टाकला होता. बीट्रिक्स चार बाया घेऊन आली. म्हणाली, "बघू गं तुझी कारागिरी, मठातली शिवणकरीण तू." आणि क्रुसाचं टोक दोन बोटांत धरून ओढलं. आला तिच्या हातात. तिने तो सगळ्यांना दाखवला. "बापाचा डगला पोराला बरोब्बर बसलाय बघा," म्हणाली. हसून हसून वाकल्या मेल्या. निनियन दारात उभा होता, कानापर्यंत लाल झाला.

मग मी तो परत लावून दिला. विषय संपला.

फौज परत फिरलीय असं कळतंय. एवढी गुरं हाकून आणताहेत की रस्त्याला धूळ दिसते, असं सिम म्हणाला. आठवड्यात येतील. निनियनला आल्यावर कोबी घालून मटणाचं कालवण करणार आहे, तुझ्या बापाला आवडायचं तसं. तुझ्या पोरीसाठी एक झबलं शिवायला घेतलंय. मोजमाप न पाठवल्यामुळे अंदाजाने शिवतेय. लहान झालं तर माझ्यावर फोडू नकोस.

आई


लेनल, १५ सप्टेंबर १४०२, क्रुसाच्या सणाचा दुसरा दिवस

ॲलिसन, निनियन तुझ्याकडे आला का?

एवढंच सांग. सिमला थांबवून ठेव आणि लगेच उत्तर लिही. लिहायला वेळ नसेल तर तोंडी सांग.

काल होमिल्डनच्या डोंगरावर सगळं संपलं. सणाचा दिवस, क्रुसाचा सण, आणि चर्चमध्ये आम्ही मेणबत्त्या लावत होतो. दुपार कलल्यावर पहिले घोडे आले, रिकामे. मग माणसं. पाण्यातून ओली, काठ चढता येत नव्हता त्यांना. आम्ही बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून हात देत होतो. काहींना हात देऊन उपयोग नव्हता. मी प्रत्येकाचं तोंड वळवून बघितलं, ॲलिसन. प्रत्येकाचं. एवढी तोंडं मी जन्मात बघितली नाहीत.

बीट्रिक्सचा आर्ची आला. धडधाकट, पायाला थोडं खरचटलंय. डगल्यावर पुढे क्रूस नाही, मागे क्रूस नाही. नुसती चार-चार भोकं. बीट्रिक्स त्याचे पाय धूत बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले तर वर न बघता म्हणाली, "दोन धाग्यांवर टाचला होता गं. आईने दुसरं काय करायचं?" माझ्या हातात ओली घागर होती. ती तिच्या डोक्यात घालावी असं वाटलं. नाही घातली. माझे हातच उचलेनात.

आर्ची सांगत होता, "किर्स्टीकाकू, लढाई नव्हतीच ती. आम्ही डोंगरावर दाटीवाटीने उभे आणि ते समोरच्या उतारावरून बाण सोडताहेत. सोडताहेत नि सोडताहेत. आमचे भाले तिथवर पोचतायत कुठे? सरदार म्हणाले उभे राहा, म्हणून उभे राहिलो. शेवटी कुणीतरी पळालं, मग सगळेच." निनियन आणि तो सहा कोस बरोबर पळाले. उतारापर्यंत बरोबर होते. तिथे आर्ची पाण्यात शिरला आणि निनियन म्हणाला, तू हो पुढे, मी बहिणीकडे जातो. आर्ची आणखीही काही बोलला, ते इथे लिहिण्याची गरज नाही.

म्हणजे तो तुझ्याकडेच आलाय. आला असेल तर त्याला माळ्यावर लपव. पहाऱ्यावाल्यांना माझ्याकडून काय पाहिजे ते देऊ कर, मी भरून देईन. आला नसेल तर नवऱ्याला काठावर पाठव. लव्हाळ्याच्या बेटात बघ, तिथे लपायला जागा आहे. लहानपणी तुम्ही दोघं तिथेच लपायचात आणि मी हाका मारून घसा फोडायची.

लवकर सांग गं.


लेनल, १९ सप्टेंबर १४०२

ॲलिसन,

तुझं पत्र मिळालं.

तीन दिवस मी ते जवळ ठेवून बसले होते. माझं अक्षर मठातल्या वस्त्रांवर भरून भरून शिकलेलं, मला वाचायला वेळ लागतो. यावेळी लागला नाही.

तुझ्या नवऱ्याने त्याला घोड्यावर आडवा टाकून तुझ्या दारात आणलं. तू त्याला धुतलंस. तुमच्याकडच्या पाद्र्याने चर्चच्या आवारात, भिंतीच्या आतल्या बाजूला जागा दिली. हे सगळं तू केलंस आणि मी इथे पाचशे पावलांवर बसून होते. उतारावर तुमच्या बाजूचे पहारेकरी, पाणी चढलेलं. सिम म्हणाला, "काकू, माझ्या होडीत तुम्हाला बघितलं तर होडी जाळतील." मी म्हटलं, जाळू देत. तो नाही म्हणाला. त्याचंही बरोबर आहे, त्याच्या घरात पाच तोंडं आहेत.

परवा तू नदीवर आलीस. मी पण आले होते. तू मला ओळखलंस का? मी ओळखलं. कडेवर पोरगी होती. तू हात वर केला नाहीस, मीही केला नाही. पाण्याच्या आवाजात हाक पोचली नसती म्हणून मी गप्प राहिले असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला काय हाक मारायची तेच सुचेना.

तू लिहितेस, तुझा नवरा त्याला उतारावर भेटला, ओरडला की क्रूस टाक, मी तुला आमचाच म्हणून नेतो. निनियनने पुढचा फाडून काढला. पाठीवरचा तुझा नवरा ओढत राहिला आणि तो निघेना. डगल्याचे चामडी बंद घामाने भिजून आवळले होते, सुटेनात. तेवढ्यात त्यांचे स्वार आले आणि पाठीवर पांढरं दिसलं त्यांना. तुझा नवरा ओरडत होता की हा माझा मेव्हणा आहे. कुणी ऐकलं नाही.

वाचलं. कळलं.

त्याला लागलं कुठे? फार वेळ गेला का? नको, सांगू नकोस. सांग. नको.

डगला कुठे आहे? त्याच्याबरोबर पुरलात का? नसेल तर मला दे. तू तो उलगडत बसू नकोस, जीवाला उगाच त्रास. तसाच गुंडाळून पाठव.

इथे गावात चौदा घरांत रडारड आहे. बीट्रिक्स काल बार्लीची लापशी घेऊन आली. आता निनियनला कुणी नावं ठेवू नयेत असा मेला, असं म्हणाली. क्रुसासकट. तिच्या तोंडून हे ऐकायला मी चौदा वर्षं थांबले होते. लापशी मी दारातच ओतली.

आई


लेनल, २९ सप्टेंबर १४०२

ॲलिसन, बाळा,

ये. विचारायचं काय त्यात? ये.

तू लिहिलंस ते सगळं मी दोनदा वाचलं. नवऱ्याला तू घराबाहेर काढलंस. तो शेजारच्या गोठ्यात झोपतो, दिवसा दाराशी येऊन उभा राहतो आणि तू दार उघडत नाहीस. तू म्हणतेस, लहानपणापासून आईचा टाका पाहत आलेय, एलेननेसुद्धा दोन बोटांनी ओढला तर निघेल, आणि एवढं मोठं धनुष्य खेचणाऱ्या माणसाला तो निघाला नाही? तुझं म्हणणं, तो ओढतच नव्हता, नाक फोडल्याचं त्याच्या मनात होतं, स्वार येईपर्यंत नुसता हात लावून उभा राहिला. डगल्याचं विचारलंस तर नदीत वाहून गेला म्हणाला, आणि सांगताना त्याची नजर वर होईना. म्हणून तुझी खात्रीच पटली.

मी काय सांगू? तू तिथे राहतेस, त्याला तू ओळखतेस. शेवटी तो त्यांचाच. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते.

रविवारी सिम तुला आणि एलेनला आणेल. पहारा आता कमी झालाय आणि तो सकाळी मासे द्यायला येतोच, टोपल्यांच्या मागे बसा. तुझा पलंग झटकून ठेवलाय. निनियनचं अंथरूण मात्र मी हलवलेलं नाही, तिकडे बघू नकोस. एलेनसाठी ओटच्या गोड भाकऱ्या करून ठेवते. झबलं झालंय. हाताला जरा मोठं वाटतंय, पण पोरं वाढतात. तिला माझ्याजवळ झोपवू, तू थकलेली असशील. तिला तुझ्या बापाची गाणी शिकवीन मी. मला अजून सगळी येतात.

घरात तीन वर्षांनी मुलीचा आवाज येणार. मला आता दुसरं काहीही नको. तू ये.

तुझी आई


लेनल, ३ ऑक्टोबर १४०२

ॲलिसन,

येऊ नकोस.

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच चुलीत टाकशील, तुझा स्वभाव माझ्यासारखाच आहे. म्हणून आधीच सांगते, शेवटपर्यंत वाच आणि मग टाक.

आज सकाळी सिम आला. मला वाटलं रविवारचं ठरवायला. तर माशांच्या टोपलीतून त्याने पोत्यात गुंडाळलेलं एक बोचकं काढलं. "काकू, तुमच्या जावयाने, कथबर्टने दिलंय. म्हणाला, तिच्या आईच्याच हातात दे. ॲलिसनला दाखवू नकोस, सांगूही नकोस."

मी म्हटलं, "आणि काय म्हणाला?"

"काही नाही. एवढंच. काकू, त्याचे हात बघवत नाहीत हो. फडकी बांधलीत. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाला धनुष्याची दोरी घासली, घरातही तेच सांगितलंय."

बोचक्यात डगला होता. पाण्यात वाहून गेलेला डगला, घडी घातलेला, कोरडा.

पुढच्या बाजूचा क्रूस नाही. तिथलं कापडच फाटून आलंय, हातभर. निनियनच्या अंगात जोर होता गं. मी डगला उलटा केला. पाठीवरचा क्रूस जसाच्या तसा. एका कडेला सुरी घातल्याची खूण आहे आणि सुरी डगल्याच्या आतपर्यंत गेलीय. पोराला लागेल म्हणून तिथेच थांबवली असणार. बाकी तीन कडा मी केल्या तशाच. कडेच्या दोऱ्याखाली काहीतरी टोचलं म्हणून मी उजेडात नेऊन बघितलं. नख होतं. अख्खं नख, मुळासकट. थोड्या अंतरावर दुसऱ्याचा तुकडा. पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, ॲलिसन. ती निनियनची नखं नाहीत.

आता ऐक. दुसऱ्या पत्रात मी लिहिलं होतं की बीट्रिक्सने क्रूस ओढला, बाया हसल्या, आणि मग मी तो परत लावून दिला. कसा लावला ते लिहिलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी उलट तुलाच झापलं.

मी दोरा मेणातून तीनदा ओढला. वेदीवरचं वस्त्र शंभर वर्षं टिकायला हवं म्हणून मठातल्या बाया जो दोरा देतात, तो. दुहेरी टीप घातली. प्रत्येक टाका मागे घेऊन, गाठ मारून, मग पुढे. चारी कडांना. पुढच्याला, पाठीवरच्यालाही. पाठीवरच्याला जास्तच, कारण तो सगळ्यांना दिसतो. निनियन बघत उभा होता. म्हणाला, "आई, जरा जास्तच घट्ट होतंय."

मी म्हणाले, "मग पळू नकोस."

माझ्या मुलाशी हे शेवटचं बोलणं. त्यानंतर त्याने डगला चढवला, मी बंद बांधले, तो भाकरी खाऊन निघाला. जाताना हसला. रागावला नव्हता. त्याला राग यायचाच नाही, तुला माहीत आहे. मीच त्याला पढवून पढवून तुझ्या लग्नात पाठवलं होतं.

आर्ची जे बोलला आणि मी तुला लिहिलं नाही तेही आता ऐक. काठावर निनियन त्याला म्हणाला होता, "माझ्या पाठीवरचा निघत नाहीये, जरा ओढ." आर्चीने ओढला. एकदा. मग घोडे दिसले आणि तो पाण्यात शिरला. त्याला मी दोष देत नाही, एकदाच ओढून समजतं. म्हणजे पंधरा तारखेलाच मला सगळं कळलं होतं. तू लिहिलंस की तुझ्या नवऱ्याला क्रूस निघाला नाही, तेव्हा एकोणीसला मी नुसतं "कळलं" म्हणाले. आणि तू त्याला घराबाहेर काढलंस तर एकोणतीसला मी तुला म्हणाले, शेवटी तो त्यांचाच. मी हे लिहिलं. या हाताने. का, तर तू येणार होतीस. पोरगी येणार होती. मुलगा गेला, निदान मुलगी तरी मिळतेय, कशाला तोंड उघडा, असा हिशेब केला मी. बाई माणूस एवढी हलकट होऊ शकते हे मला या वयात समजलं.

आणि त्याला? त्याला ते उतारावरच समजलं असणार. तुझ्यासारख्या बाईशी तीन वर्षं संसार केलाय, त्याला कच्चा टाका माहीत नाही का? त्याचा स्वतःचा क्रूस तू चार टाक्यांनी लावतेस. त्या माणसाने डगला लपवला, पाण्यात गेला म्हणून खोटं बोलला, तुझ्या शिव्या खाल्ल्या, गोठ्यात झोपला, पण तुला म्हणाला नाही की तुझ्या आईने शिवलंय बघ. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. मेलेल्या भावामागोमाग तुझी आईही जाऊ नये म्हणून तो गप्प बसला. आणि मला डगला पाठवला तोही मला लाजवायला नाही. मी मागितला होता ना पत्रात, म्हणून. आईला मुलाचं काहीतरी हवं असतं म्हणून.

तीन वर्षं मी त्याचं नाव घेतलं नाही. आज घेते. कथबर्ट. कथबर्ट. कथबर्ट.

नुसतं माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, मी तुला एकदा फसवलंय. डगला परत पाठवतेय. उजेडात घेऊन बस. टीप बघ. दोरा दाताने तोडून बघ, तुटणार नाही. नखं मी तिथेच ठेवलीत, हलवलेली नाहीत. हे बघितल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस हे मला कळतं. मी असते तर नसतं बघितलं.

तू रविवारी आलीस तर मी दार उघडणार नाही. राग म्हणून नाही. तू आत आलीस, पोरगी माझ्या मांडीवर बसली, की माझ्याच्याने तिला परत पाठवणं होणार नाही. मी पुन्हा काहीतरी खोटं बोलेन. माझी मला खात्री नाही.

सिम घाई करतोय, पाणी वाढतंय म्हणतो. झबलं बरोबर देतेय. पोरीला आवडलं तर घाल, नाही तर चुलीत घाल. हंसाची चरबी डबीत दिलीय. त्याच्या बोटांना दिवसातून दोनदा लाव, फडकी आधी गरम पाण्याने सोडवून घे, ओढू नकोस, चिकटली असतील. जेवायला त्याला हाताने धरता येत नसेल. मऊ काहीतरी कर आणि भरव.

उठ. दार उघड. आधी त्याला घरात घे, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

किर्स्टी